मोतिया रंगाचा कोट

माझ्या मामाला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, डाग राहतात. दुकानात कुणी आलं की तो आधी बाही, खिसा, कॉलर बघतो आणि मग चेहरा. एका बँक मॅनेजरना तो तोंडावर "या शाईवाले" म्हणायचा, कारण कधी काळी त्यांच्या खिशात पेन फुटलं होतं. एक वकीलबाई 'चहावाल्या' होत्या आणि एक प्राध्यापक 'वंगण'. प्राध्यापकांना ते अजिबात आवडायचं नाही, पण कपडे मात्र ते इथेच टाकायचे. मामाच्या हातून एखादा डाग वाचल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

गल्लीतले लोक त्याला डागदर म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ते इतकं चिकटलं की लाँड्रीचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर येतं. लग्न त्याने केलं नाही. आई सांगायची, एका मुलीशी जमत आलं होतं, पण हा पहिल्याच भेटीत तिच्या बाहीवरचा डाग कशाचा आणि तो कसा जाईल ते सांगत बसला. ती मुलगी पुन्हा आली नाही. मामाच्या मते ती चुकली, कारण डाग डांबराचा होता आणि उशीर केला की तो बसतो.

दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक लांबट खोली. तिथे वाफेची इस्त्री, दगडी हौद आणि लेबलं गळून पडलेल्या बाटल्या. कुठल्या बाटलीत काय आहे ते तो वासावरून ओळखतो. खोलीच्या टोकाला भिंतीपासून भिंतीपर्यंत एक दांडी आहे, तिच्यावर लोकांनी टाकलेले आणि परत न नेलेले कपडे. माणसं कपडे टाकतात आणि गाव सोडतात, जाड होतात, भांडतात, मरतात. मामा ते कपडे विकत नाही. अधूनमधून काढतो, वारा देतो, इस्त्री करतो, पुन्हा टांगतो. "माणूस विसरतो, कपडा वाट बघतो," म्हणतो. मी म्हणायचे, कपड्याला काय कळतंय डोंबल.

मळका कपडा परक्याच्या हाती द्यायचा नाही, हा त्याचा नियम. पण तो एकट्याचा नाही, आमच्या सगळ्या घरालाच ती खोड आहे. डॉक्टरकडे जायचं म्हणून आई आंघोळ करून, पावडर लावून जायची, आणि डॉक्टर म्हणायचे, तुम्हाला तर काही झालेलं दिसत नाही. भांडी घासायला बाई येणार म्हणून ती आधी भांडी विसळून ठेवायची. नळ दुरुस्त करणारा येणार असला की नळाखालची मोरी घासायची. बाबा यावर हसायचे. "चोर येणार असं कळलं तर तुझी आई आधी कपाट आवरून ठेवेल," म्हणायचे. हा विनोद ते नेहमी करायचे आणि आम्ही नेहमी हसायचो.

बाबा विजेचे मीटर तपासायचे. सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या जिन्याखाली डोकं घालून काढली. बल्ब गेलेले जिने, तुटक्या पायऱ्यांचे जिने, कठडा नसलेले जिने. अंधारात पायरी कुठे संपते ते त्यांच्या पायाला कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात एकच होतं, परदेश बघायचा. एकदा तरी अशा ठिकाणी जायचं जिथे दार उघडून कुणी म्हणणार नाही, "आत्ता नको, नंतर या."

जायचं ठरलं तो देश थंडीचा. आईकडे धड स्वेटर नव्हता. मामाने दांडीवरून एक कोट काढला, लोकरीचा, मोतिया रंगाचा, कुण्या बाईने टाकलेला आणि न नेलेला. वाट बघणाऱ्या कपड्यांना तो कुणाला हात लावू देत नसे, पण ताईसाठी त्याने नियम मोडला. कोट आईला असा बसला की शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखा.

"फिका आहे रे," आई म्हणाली. "लगेच मळेल."

"मळू दे," मामा म्हणाला. "मी आहे ना."

पुढचं मी आईच्या तोंडून ऐकलं, आधी फोनवर तुटक तुटक आणि नंतर सलग, इतक्या वेळा की आता मीच तिथे होते असं वाटतं. दुपारची वेळ. दोघं रस्ता ओलांडायला भुयारी मार्गाच्या पायऱ्यांशी आली. मागून एक माणूस आला आणि त्याने आईच्या खांद्यावरची पर्स ओढली. आईने ती सोडली नाही. सोडायला हवी होती, पण आपल्या माणसांना वस्तू सोडता येत नाही. बाबांनी त्या माणसाची कॉलर धरली. झटापटीत बाबांचं डोकं त्याच्या नाकावर आपटलं. नाकातून रक्त आलं, ते आईच्या बाहीवर सांडलं, मनगटापासून कोपरापर्यंत. मग त्या माणसाने बाबांना दोन्ही हातांनी ढकललं आणि पर्स घेऊन पळाला. बाबा खालपर्यंत गेले. आई खाली उतरली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कोटाच्या पुढच्या बाजूला जो डाग पडला तो बाबांचा.

आधी आलेल्या पोलिसांनी लिहून घेतलं, वयस्कर पर्यटक पायऱ्यांवरून पडला. आई तिच्या भाषेत ओरडत होती, ते त्यांच्या भाषेत मान हलवत होते.

मला जाता येत नव्हतं. माझे दिवस भरत आले होते, कुठलंही विमान मला घेणार नव्हतं. नवऱ्याकडे पासपोर्ट नव्हता. पासपोर्ट होता मामाकडे. तरुणपणी त्याला जहाजावरच्या लाँड्रीत जायचं होतं, आजोबांनी जाऊ दिलं नाही, पण पासपोर्ट त्याने दर वेळी मुदत संपली की नवा करून ठेवला, कोराच्या कोरा. असा हा माणूस, स्टेशनवर सोडायला गेला तरी चुकीच्या फलाटावर उभा राहणारा, एक बॅग आणि डाग काढायच्या दोन बाटल्या घेऊन निघाला. बाटल्या विमानतळावर काढून घेतल्या. त्याला तेवढ्याचंच वाईट वाटलं, बाकी कशाची भीती वाटायला त्याला वेळच नव्हता.

तिथे तो आईला भेटला तेव्हा आई इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत सरळ बसली होती. तिच्या अंगात कुणीतरी दिलेलं पुरुषी जाकीट होतं. बाबा काचेपलीकडे होते, तोंडात नळी, डोळे अर्धे उघडे. आईने मामाला बघून "आलास?" एवढंच म्हटलं. मग म्हणाली, "धाकट्या, त्यांना सांग रे. हे पडले नाहीत. यांना ढकललं."

हेच तिचं मागणं होतं, शेवटपर्यंत. तो माणूस तुरुंगात सडावा असंही ती म्हणत नव्हती. पर्सचं तर तिने नावही काढलं नाही. तिला एवढंच हवं होतं की त्या देशाच्या कुठल्यातरी कागदावर 'पडला' खोडून 'ढकलला' लिहावं. "जन्मभर अंधारात जिने चढले आणि उतरले," ती म्हणायची. "असा माणूस दिवसाढवळ्या पाय घसरून पडेल? लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला झेपत नव्हतं तर गेला कशाला?"

मामा पोलीस ठाण्यात रोज जायचा. तपास अधिकारी टक्कल पडलेला, सभ्य माणूस होता. उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं. तो टेबलावर फोन ठेवायचा, फोनमधून एक दुभाषी बाई बोलायच्या, आपली भाषा पण बातम्या वाचल्यासारखी. "अधिकारी महोदय आपल्या दुःखात सहभागी आहेत." मामा फोनसमोर हात जोडायचा. आपल्या वकिलातीतले एक साहेबही एकदा इस्पितळात येऊन गेले, देखल्या देवा दंडवत करून. कार्ड दिलं, काहीही लागलं तर सांगा म्हणाले. मामाने सांगितलं काय लागतंय ते. साहेब म्हणाले, ते सोडून.

बाबा काही न बोलता गेले. सकाळी नर्सने पडदा ओढला आणि मामाला कळलं. आईला त्याने सांगायची गरज पडली नाही.

आणि त्यानंतर, वरातीमागून घोडं आल्यासारखी, तपासाला गती आली. भुयारी मार्गाच्या तोंडाशी एका दुकानाचा कॅमेरा निघाला. अधिकाऱ्याने दोघांना ते चित्र दाखवलं. त्यात आई आणि बाबा पायऱ्यांकडे चालत येतात, बाबा हातातला नकाशा उलटा धरून बघतात, आणि दोघं पायऱ्यांच्या कडेपाशी चित्राबाहेर जातात. मागोमाग एक माणूस जातो, आणि थोड्या वेळाने तोच माणूस नाक धरून पळत बाहेर येतो, पर्स जाकिटाखाली असणार, दिसत नाही. पायऱ्यांवर काय झालं ते चित्रात नाही. चित्र करडं, पुसट. त्यात फक्त आईचा कोट उठून दिसत होता, स्वच्छ, फिका. अधिकाऱ्याने बोट ठेवून विचारलं, हा कोट तुमचाच ना? आई हो म्हणाली. मग तिला पुढे बघवेना.

दोन-तीन दिवसांत तो माणूस सापडला. पर्स त्याने कुठे टाकली होती कोण जाणे. त्याचं म्हणणं, मी त्यांच्याजवळ गेलोच नाही, मी घाईत उतरत होतो, म्हातारा आपणहून घसरला, ते बघून मी घाबरलो, पळताना भिंतीवर आपटलो, म्हणून नाक फुटलं. चोराच्या उलट्या बोंबा सगळ्या देशांत सारख्याच असतात. आता त्याचा शब्द आणि आईचा शब्द, एवढंच उरलं. आणि कोट.

पण हे 'आणि कोट' मामाला कुणी सांगितलं नव्हतं. ते ज्यांच्या डोक्यात होतं त्यांना ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही. दोघं राहत होती त्या लॉजवर फोन आला तो मामाने घेतला. दुभाषी बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी आमचा माणूस ताईंचा कोट घेण्यासाठी येईल. कृपया तो त्याच्याकडे द्यावा." बस. मामा बरं म्हणाला. आईला त्याने त्रास दिला नाही. ती वकिलातीत गेली होती, बाबांना परत आणायचे कागद करायला, लॉजच्या मालकिणीबरोबर.

कोट न्हाणीघराच्या दाराच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला होता. ती पिशवी दिसू नये म्हणून आई न्हाणीघराचं दार पूर्ण बंद करत नसे. मामाने पिशवी काढली, कोट आपल्या खोलीत नेऊन पलंगावर पसरला आणि विचार केला. त्याचा विचार काय होता ते त्याने मला नंतर सांगितलं, आणि मी कितीही चिडले तरी तो विचार मला कळतो, हीच माझी अडचण आहे. त्याला वाटलं, पोलिसांना कोट चित्राशी ताडून बघायचा असणार. चित्रातला कोट फिका आणि स्वच्छ. हा असा काळपट चामड्यासारखा झालेला कोट नेला तर ते म्हणतील हा तो नव्हेच. आणि समजा म्हणाले नाहीत, तरी ताईच्या अंगावरचा कपडा असा परक्या माणसाच्या हाती द्यायचा? तिकडे टेबलावर टाकतील, दहा जण बघतील. आणि तिसरं, तो पुन्हा ताईच्या नजरेला पडायला नको.

रक्ताला गरम पाणी चालत नाही, शिजतं ते, मग धाग्याला सोडत नाही. गार पाणी लागतं. डाग चोळायचा नसतो, उचलायचा असतो. मामाने औषधाच्या दुकानात जाऊन खुणा करून जखमेवर फेसाळणारं औषध आणलं. लॉजच्या स्वयंपाकघरातून मीठ आणलं. खाली पांढरा टॉवेल धरला आणि दुपारभर तो बाहीवर आणि पुढच्या बाजूवर वाकून बसला. टॉवेल बदलत गेला. लोकर जुनी होती, डाग शिळा होता, परक्या गावचं पाणी जड होतं. मामा म्हणतो, तसं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. मध्येच तो रडलाही असणार, कारण समोर बाबा होते, पण हात थांबले नाहीत. धुऊन झाल्यावर हीटरजवळ वाळवला आणि लॉजमधली इस्त्री मागून घेतली. ओलं फडकं मध्ये ठेवून बाहीला घडी न पाडता इस्त्री केली, फक्त उजव्या कफाला आतून एक बारीक चूण ठेवली. ती त्याची सवय आहे. त्याच्या हाताखालून गेलेला कपडा त्यावरून ओळखता येतो.

सकाळी माणूस आला तेव्हा आई आंघोळीला गेली होती. माणसाच्या हातात रबरी मोजे होते आणि कागदी पिशवी. मामाने हँगरवर टांगलेला कोट त्याच्यापुढे धरला. माणसाने कोटाकडे बघितलं, मग मामाकडे, मग पुन्हा कोटाकडे. हळूच त्याने मोजे काढले आणि फोन लावला. थोड्या वेळाने फोन मामाच्या हातात आला.

"अधिकारी महोदय विचारतात, कोटावर रक्त होतं ते कुठे आहे?"

"काढलं," मामा म्हणाला. तो मला शपथेवर सांगतो की त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

बाईंनी ते तिकडच्या भाषेत सांगितलं. मागे अधिकाऱ्याचा आवाज येत होता, तो वाढला, मग थांबला. मग बाई बातम्यांची भाषा सोडून साध्या भाषेत म्हणाल्या, "अहो दादा, तेच तर हवं होतं. त्याचं रक्त ताईंच्या बाहीवर. नाहीतर तो जवळ होता हे कशावरून दाखवायचं?"

मामा खाली जिन्यावर जाऊन बसला. आई न्हाणीघरातून बाहेर आली, दारामागची पिशवी गेल्याचं तिने आतच पाहिलं होतं. तिने विचारलं, त्याने सांगितलं पोलिसांनी नेला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी तिने न्हाणीघराचं दार नीट लावून घेतलं.

कोट तपासला गेला. त्यातून काही निघालं नाही. मामाने काम चोख केलं होतं. शेवटच्या भेटीत अधिकारी बराच वेळ बोलला, आणि दुभाषी बाईंनी आईला एवढंच सांगितलं, "कोटावरून काही उपयोगाचं मिळालं नाही." मधलं, कोट कुणी धुतला ते, त्यांनी गाळलं. त्या बाईंचं तोंडही आम्ही कुणी पाहिलेलं नाही. हे त्यांनी उपकार केले की अपकार, मला अजून ठरवता येत नाही. तो माणूस सुटला. कागदावर 'पडला' तसंच राहिलं. बाबा पेटीतून घरी आले आणि त्याच आठवड्यात मला मुलगी झाली. घरात रडायचं कशासाठी आणि हसायचं कशासाठी ते कुणालाच उमजेना.

मामाने मला सांगितलं ते दुकानाच्या मागच्या खोलीत. मी मुलीला घेऊन गेले होते. त्याने सगळं सांगितलं, उभ्यानेच, हात हौदाच्या काठावर ठेवून. मी त्याला जे बोलायचं ते सगळं बोलले. अक्कल गहाण टाकली होती का म्हणाले, तुझ्या त्या बाटल्यांत बुडून मर म्हणाले. तो ऐकून घेत होता. मी दमले तेव्हा म्हणाला, "ताईला मी सांगेन. थोडं सावरू दे तिला." मी म्हटलं, सांगू नकोस. तिला नवरा नाही आता, भाऊ तरी राहू दे.

आई सावरली नाही, पण कामाला लागली. येईल त्याला ती सांगायची, यांना ढकललं. वाण्याला सांगायची, माझ्या मुलीला बघायला येणाऱ्यांना सांगायची. लोक आधी हळहळायचे, मग विचारायचे, मग त्याला पकडलं का? ती म्हणायची, पकडला होता, सोडला, त्या लोकांना पुरावा सापडला नाही, माझ्या बाहीवर होता तरी सापडला नाही. तिच्यासाठी मी अर्ज लिहिले, ईमेल पाठवले, वकिलातीच्या साहेबांना फोन केले. साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, फाईल बघून सांगतो. पालथ्या घड्यावर पाणी. मला ठाऊक होतं कुठलाच अर्ज कुठे पोहोचणार नाही, तरी मी लिहीत होते, कारण तिला दुसरं काय देणार?

मामा बदलला होता. कुणी कपडा टाकला की तो डागावर बोट ठेवून विचारायचा, "हा कशाचा? काढू ना नक्की?" लोकांना आधी गंमत वाटली. मग कंटाळा आला. डाग काढायलाच तर आणलाय ना, म्हणायचे. शाईवाले मॅनेजर एकदा चिडून कपडे घेऊन गेले ते कोपऱ्यावरच्या नव्या मशीनवाल्याकडे. रक्ताचा डाग असला तर मामा कपडा घ्यायचाच नाही, मग ते मुलाच्या गुडघ्याचं असो नाहीतर दाढी करताना कापलेलं. दुकान निम्म्यावर आलं.

मग एक दिवस पार्सल आलं. त्या देशाच्या पोलिसांनी वस्तू परत केल्या होत्या, एक पुठ्ठ्याचा डबा आणि त्यात घडी घातलेला कोट. आईने तो खिडकीशी नेला, बाही उलटसुलट करून बघितली, वास घेतला. आणि तिचा चेहरा असा उजळला की बाबा गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

"त्या पोलिसांनी धुतला," ती म्हणाली. "बघ. आता कळलं का सापडलं नाही ते. आधी धुतला आणि मग तपासला. चल, उठ."

मला अडवता आलं नाही. मुलीला कडेवर घेऊन मी तिच्यामागे गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आईने कोट काउंटरवर पसरला, बाही मामासमोर सरळ केली.

"तू बघ. तुझ्यासारखी नजर कुणाची नाही. इथे रक्त होतं आणि ते कुणीतरी धुतलंय, असं तू लिहून दे. जाणकार म्हणून. मी पाठवते, वरपर्यंत पाठवते."

मामाने बाही हातात घेतली. कफ उलटा करून बघितला. चूण तिथेच होती. तो चुणीवरून अंगठा फिरवत राहिला. आई वाट बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला, कारण तिला भावाची नजर माहीत होती. डाग होता की नव्हता हे त्याला एका क्षणात कळतं, त्याला एवढा वेळ कधी लागत नाही.

"नव्हता का रे?" ती म्हणाली. "मला वाटलं ते? हे आपणहूनच पडले का? मला दिसलं ते... तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, तसं असेल का?"

"होता," मामा म्हणाला.

"मग?"

"होता, ताई. कोपरापर्यंत होता. मी काढला. तिथेच, लॉजवर. मला माहीत नव्हतं गं."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईने दोन्ही तळवे कोटावर ठेवले होते, ते तसेच राहिले. मग तिने पुढच्या बाजूवरून हात फिरवला, जिथे बाबांचं डोकं होतं.

"हाही?"

"हाही."

"कुठे होता ते कळतही नाही," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कोट उचलला, मागच्या खोलीत गेली आणि न नेलेल्या कपड्यांच्या दांडीवर तो टांगला, होता तिथेच. खांदे सरळ केले. बाहेर येताना मामापाशी क्षणभर थांबली. "मळला तर मी आहे ना, म्हणाला होतास," असं म्हणाली आणि पायऱ्या उतरून घरी गेली. मामा काउंटरमागे उभाच होता. मी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. बोलायचं सगळं मी आधीच वापरून टाकलं होतं.

आईने त्या दिवसापासून अर्जांचा विषय काढला नाही. मामाशी ती बोलते, सुट्टीच्या दिवशी त्याला जेवायला बोलावते, तोही येतो, खाली मान घालून जेवतो. मला वाटलं होतं, निदान आता तिला खात्री तरी झाली. जगात एक तरी जाणकार म्हणाला की डाग होता, हे पडले नव्हते.

परवा बाबांच्या खात्यातले एक जुने सोबती आले. त्यांना आता कुठे कळलं होतं. मामा तिथेच होता, हातात चहाचा कप. सोबती हळहळले, मग नेहमीचा प्रश्न आला, "पण वहिनी, हे झालं कसं? काहीतरी मारामारी झाली असं ऐकलं. पकडलं का कुणाला?"

मी आईकडे बघितलं. आता ती सुरू होणार, पायऱ्या, नाक, बाही. आणि मग ते विचारणार, बाहीवर होतं तर पुरावा कसा नाही? मग तिला सांगावं लागणार, कुणी धुतला.

आईने बशी सारखी केली.

"छे हो," ती म्हणाली. "मारामारी कसली? पडले. पायऱ्यांवरून पाय घसरला त्यांचा. वय झालं होतं."

मामाने कप खाली ठेवला. सोबती म्हणाले, हो ना, या वयात जपायला पाहिजे. आई म्हणाली, तेच ना, आणि त्यांना अजून थोडा चहा ओतला.